पंगत कुणाची, नाव कुणाचे

इंग्लंडच्या चर्चच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा दिवस पंडिता रमाबाईंच्या स्मरणासाठी राखलेला आहे. याच चर्चमधल्या माणसांना १८८५ च्या सुमारास रमाबाईंची श्रद्धा ख्रिस्ती म्हणावी की नाही, अशी शंका होती आणि ती त्यांनी पत्रांतून रमाबाईंपुढे स्पष्ट मांडलीही होती. आज ती शंका कोणी काढत नाही. दौंड तालुक्यातल्या केडगावात रमाबाईंचे मुक्ती मिशन उभे आहे, त्यांनी केलेले मराठी बायबल आहे, आणि ‘भारतातल्या थोर ख्रिस्ती स्त्रिया’ अशी यादी करायला कोणी बसले तर पहिले नाव बहुधा त्यांचेच येते. मात्र तोच प्रश्न, जवळजवळ त्याच कारणांवरून, मॉर्मन पंथीयांबद्दल जगभर विचारला जातो: हे लोक ख्रिस्ती आहेत का? बहुतेक जुन्या चर्चचे उत्तर ‘नाही’ असे आहे. या वादात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते, असे माझे म्हणणे आहे. पंगतीला कोणाला बसवायचे हे ज्याच्या घरचे कार्य त्याने ठरवावे. पण पाहुण्याचे आडनाव ठरवण्याचा अधिकार यजमानाला मिळत नाही. हा फरक समजून घ्यायला केडगावाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

आधी आक्षेप नीट समजून घेऊ. जोसेफ स्मिथने ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केले. त्याच वर्षी ‘मॉर्मनचे पुस्तक’ प्रसिद्ध झाले आणि बायबलच्या जोडीला नवे पवित्र शास्त्र आले. येशू हा देवाचा पुत्र, तो वधस्तंभावर मेला, पुन्हा उठला आणि त्याच्याखेरीज तारण नाही, हे मॉर्मन मानतात. पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही एकाच तत्त्वाची तीन व्यक्तित्वे आहेत, हा इ. स. ३२५ च्या निकेया परिषदेपासून घडत गेलेला त्रैक्याचा सिद्धान्त ते नाकारतात. त्यांच्या मते हे तिघे वेगळे आहेत, हेतूने एक आहेत, आणि पित्यालाही शरीर आहे. मूळ चर्च प्रेषितांनंतर भ्रष्ट झाले आणि स्मिथच्या हातून ते पुन्हा उभे राहिले, असेही ते सांगतात. जुन्या चर्चना हे मानवणे शक्यच नव्हते. मजेची गोष्ट अशी, की पुणे जिल्ह्यातल्या शिरूरला, म्हणजे घोडनदीला, ज्यांनी ख्रिस्ती मंडळी उभी केली ते अमेरिकन मराठी मिशनचे लोक आणि जोसेफ स्मिथ एकाच मातीतले. १८१० मध्ये या मिशनच्या ज्या मातृसंस्थेची स्थापना होऊन १८१३ मध्ये तिचे पहिले मिशनरी मुंबईत उतरले, ती न्यू इंग्लंडमधल्या धार्मिक जागृतीतून निघाली. स्मिथ जन्मला त्याच न्यू इंग्लंडमधल्या व्हरमाँटमध्ये, १८०५ साली. त्याच काळात तिथल्या काँग्रिगेशनल चर्चमध्ये त्रैक्यावरूनच फूट पडून युनिटेरियन वेगळे होत होते. म्हणजे ‘त्रैक्य न मानणारा ख्रिस्ती असू शकतो का’ हा वाद मॉर्मनांनी आणलेला नाही. त्यांच्या जन्मावेळी तो घरात चालूच होता. आपल्याकडेही तो लवकरच पोहोचला. ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्यात त्याने एक लहानशी मंडळी जमवली. ती टिकली नाही, म्हणून हा वाद इकडे मॉर्मनांच्या नावाने गाजला नाही. तो गाजला रमाबाईंच्या नावाने.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. हिंदू पुण्याच्या दृष्टीने प्रश्न तिथेच मिटला होता. पुढे १८९३ मध्ये त्यांच्या शारदा सदन या विधवाश्रमातल्या मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत, या आरोपावरून वादळ उठले आणि रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, तेव्हाही रमाबाई ख्रिस्ती आहेत यावर दोन्ही बाजूंचे एकमत होते. शंका होती ती वाँटेजच्या मठात. बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांत तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाईंची भूमिका उघड झाली. त्रैक्याचा सिद्धान्त आणि ख्रिस्ताचे देवत्व त्यांना चर्चने सांगितले म्हणून स्वीकारायचे नव्हते. अथेनेशियसच्या नावाने चालणारा विश्वासांगीकार म्हणायला त्या तयार नव्हत्या. आणि आपण बाप्तिस्मा घेतला तो ख्रिस्ताच्या शिकवणीला बांधून घेण्यासाठी, अमुक एका चर्चला नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. एका पंथाचे पुरोहित सोडून आलेल्या बाईला दुसऱ्या पंथाच्या पुरोहितांपुढे मान तुकवायची नव्हती. सिस्टर जेराल्डीन यांना हा अहंकार वाटला. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांनी मात्र धीराने चर्चा चालू ठेवली. पुढे अमेरिकेत रमाबाईंच्या कामासाठी बॉस्टनला जी संस्था निघाली, तिचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन होते आणि तिच्या पदाधिकाऱ्यांत एपिस्कोपल व काँग्रिगेशनल पाळकही होते. त्रैक्य मानणारे आणि न मानणारे एका विधवाश्रमासाठी एकत्र बसले, आणि ख्रिस्ती म्हणूनच बसले.

आता निकेयाचा गज घेऊन मोजले तर १८८५ च्या रमाबाई ख्रिस्ती ठरत नाहीत. येथे एक रास्त आक्षेप येतो. रमाबाई पुढे बदलल्या. १८९१ च्या सुमारास त्यांना ख्रिस्ताचा जो अंतरंग अनुभव आला त्यानंतर त्यांची श्रद्धा रूढ ख्रिस्ती मताशी जुळत गेली. तेव्हा त्या वाटेवरच्या प्रवासी होत्या आणि मॉर्मन मात्र दोनशे वर्षे मुक्कामच वेगळ्या गावी करून बसले आहेत. युक्तिवाद वजनदार आहे, पण त्याने सिद्ध काय होते? रमाबाईंच्या चरित्रात १८८३ ते १८९१ ही वर्षे कोणताही ख्रिस्ती चरित्रकार ‘ख्रिस्ती होण्यापूर्वीची’ म्हणून मोजत नाही. त्या काळातल्या त्यांच्या नकाराला अपुरी समज, हट्ट, शोध असे काहीही म्हटले गेले, तरी तो ख्रिस्ती माणसाचाच नकार मानला गेला. शिवाय तो अज्ञानातून आला नव्हता. संस्कृत शास्त्रार्थात वाढलेल्या त्या बाईने सिद्धान्त समजून घेतला आणि समजूनच नाकारला. म्हणजे त्रैक्याला जाणूनबुजून दिलेला नकार माणसाला ख्रिस्ती नावाबाहेर काढतो, हा नियम चर्चने स्वतःच केडगावच्या बाबतीत पाळलेला नाही. जो नियम आपल्या माणसाला लावायचा नाही, तो परक्याला लावताना निदान कारण तरी वेगळे सांगावे लागेल.

ते वेगळे कारण सांगितले जाते, आणि तेच सगळ्यांत बळकट आहे. रमाबाईंनी वजाबाकी केली, मॉर्मनांनी बेरीज केली. रमाबाई बायबलपाशी थांबल्या. इतक्या, की हिब्रू आणि ग्रीक शिकून त्याचे मराठीत नवे भाषांतर करण्यात त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षे घालवली. मॉर्मनांनी नवे शास्त्र आणले. यहुद्यांच्या शास्त्राला नवा करार जोडला गेला तेव्हा नवा धर्म झाला. मग बायबलला तिसरे पुस्तक जोडणारे त्याच धर्मात कसे राहतील? तुलना आकर्षक आहे, पण अर्ध्यावर तुटते. ख्रिस्ती लोक यहुद्यांपासून वेगळे झाले ते पुस्तकांची संख्या वाढली म्हणून नव्हे. नियमशास्त्राच्या जागी एक व्यक्ती केंद्रस्थानी आली, आणि त्या व्यक्तीवरून त्यांना नवे नावही पडले. मॉर्मनांच्या बाबतीत केंद्र हललेले नाही. त्यांच्या नव्या पुस्तकाला १९८२ पासून ‘येशू ख्रिस्ताचा आणखी एक करार’ असे उपशीर्षक जोडलेले आहे, आणि २०१८ मध्ये त्यांचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी आपल्या लोकांना ‘मॉर्मन’ हे नाव टाकून येशू ख्रिस्ताचे नाव असलेले चर्चचे पूर्ण नावच वापरायला सांगितले. नवा धर्म जुन्या नावापासून दूर सरकतो. इथे प्रवास उलट्या दिशेने चालला आहे. त्यांचे नवे पुस्तक खोटे आहे, असे कोणीही म्हणू शकतो, आणि तसे मानायला इतिहासाचा आधारही भरपूर आहे. पण खोट्या पुस्तकावर भिस्त ठेवणारा ख्रिस्ती हा चुकलेला ख्रिस्ती होतो. चुकीमुळे तो दुसऱ्या धर्माचा होत नाही.

‘मग जो म्हणेल तो ख्रिस्ती काय?’ असे कोणी विचारेल. नाही. या प्रश्नाचे उत्तर शिरूरमध्ये सापडते. कर्नल वॅलेस हा इंग्रज अधिकारी १८०९ मध्ये वारला आणि शिरूरला त्याची कबर आहे. जुन्या पुणे गॅझेटिअरमध्ये नोंद आहे, की आसपासच्या गावांतले लोक त्याला सत्पुरुष मानत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा नैवेद्य त्या कबरीवर आणत. एका ख्रिस्ती माणसाच्या कबरीवर माथा टेकवणारे ते शेतकरी ख्रिस्ती होते का? अर्थातच नव्हते, आणि तसे त्यांनी कधी म्हटलेही नाही. येशूविषयी अपार आदर बाळगणारे गांधी ख्रिस्ती नव्हते. येशूला पैगंबर मानणारे मुसलमानही नाहीत. तेव्हा कसोटी आहे, आणि ती दुहेरी आहे: माणूस ते नाव स्वतः घेतो का, आणि त्याच्या तारणाचा मध्यबिंदू येशू हाच आहे का? नुसता आदर पुरेसा नाही, नुसता दावाही पुरेसा नाही. मॉर्मन दोन्ही अंगांनी बसतात. त्यांच्या इतिहासातला बहुपत्नीत्वाचा काळ, १८५२ च्या जाहीर घोषणेपासून १८९० च्या माघारीपर्यंतचा, आणि काळ्या पुरुषांना १९७८ पर्यंत नाकारलेले पौरोहित्य या गंभीर गोष्टी आहेत. पण दोष हा नाव काढून घेण्याचा निकष केला, तर गुलामगिरी चालवणाऱ्या आणि जातीनुसार वेगळे बसवणाऱ्या चर्चमध्येही फारसे कोणी ख्रिस्ती उरणार नाही.

याचा अर्थ चर्चने सर्वांना सामावून घ्यावे असा नाही. रोमने २००१ मध्ये मॉर्मन बाप्तिस्मा ग्राह्य नसल्याचे ठरवले, आणि आपल्या घरापुरते ते ठरवण्याचा रोमला पूर्ण अधिकार आहे. शब्द तेच असले तरी ‘पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा’ म्हणताना मनातला अर्थ वेगळा असेल, तर तो संस्कार आपला नाही, असे म्हणता येते. गंमत अशी, की मॉर्मनही इतर कोणाचा बाप्तिस्मा मानत नाहीत. त्यांच्याकडे येणाऱ्या कॅथलिकाला पुन्हा पाण्यात उतरावे लागते. बॅप्टिस्ट मंडळ्याही अर्भकपणीचा बाप्तिस्मा धरत नाहीत, पण म्हणून मेथडिस्टांना कोणी ख्रिस्तेतर म्हणत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले तेव्हा अँग्लिकन, काँग्रिगेशनल परंपरेचे आणि बॅप्टिस्ट एकत्र आले आणि बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती चालू ठेवल्या. तोपर्यंतही ते एकमेकांना ख्रिस्तीच म्हणत होते. पंगत मात्र वेगळी होती. पंगत आणि नाव एकच असते, तर ही एकी होण्याआधी आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती नेमके कोण, हे सांगता आले नसते.

हा नुसता शब्दच्छल आहे असे वाटत असेल, तर कायद्याकडे पाहावे. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात भारतीय ख्रिस्ती माणसाची व्याख्या करताना ख्रिस्ती धर्माचे ‘कोणतेही रूप’ मानणारा, अशा अर्थाचे शब्द वापरले आहेत. त्या शब्दांनी न्यायाधीशाला निकेयाच्या परिषदेत जाऊन बसण्यापासून वाचवले. १९७० मध्ये केरळ उच्च न्यायालयात न्या. कृष्ण अय्यर यांनी अहमदिया पंथीयांना मुसलमान मानले ते याच शहाणपणाने. इस्लामची मूळ श्रद्धा अहमदियांना मान्य आहे, बाकीचे मतभेद धर्माच्या आतले आहेत, असा त्याचा आशय. पाकिस्तानने १९७४ मध्ये घटना दुरुस्त करून त्याच अहमदियांना मुसलमान नावाबाहेर काढले, आणि त्या एका शब्दाची किंमत त्या समाजाने पुढे स्वतःला मुसलमान म्हणवण्याचा हक्क गमावून मोजली. नाव काढून घेणे ही पंडितांची चर्चा म्हणून सुरू होते आणि शासनाच्या हातात पडली की शिक्षा होते. म्हणून मुळातच तो अधिकार कोणाच्या हाती नसलेला बरा.

उद्या दौंडच्या रेल्वे वसाहतीत एखादे मॉर्मन कुटुंब बदली होऊन आले, तर तिथल्या पाळकाने त्यांना प्रभूभोजनाचा प्याला द्यावा की नाही, हे त्याच्या मंडळीने ठरवावे. नाही म्हटले तरी त्यात अन्याय नाही. पण जनगणनेचा माणूस त्यांच्या दारात आला आणि त्यांनी धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ सांगितले, तर तो शब्द खोडण्याचा अधिकार त्या पाळकाला नाही, बिशपला नाही आणि सरकारलाही नाही. वाँटेजच्या मठाने रमाबाईंना हवी ती पत्रे लिहिली, हवी ती शंका घेतली, पण ते नाव खोडले नाही. ते खोडले असते, तर आज ३० एप्रिलच्या पानावर लिहायला नाव उरले नसते.