कणखर मनाचे माप

उत्तर नागपुरातील जरीपटका या वस्तीचे नाव मराठेशाहीच्या निशाणाचे असले, तरी तिची घडण फाळणीची आहे. 1947 नंतर सिंध सोडून आलेल्या कुटुंबांनी येथे मोडलेले संसार पुन्हा उभे केले, दुकाने थाटली, आणि ज्या आठवणींना कोणत्याही शासकीय दप्तरात जागा मिळाली नाही, त्या घरातल्या घरात पुढच्या पिढीच्या स्वाधीन केल्या. अशा वस्तीत अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा विचार मनात आला, की पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की जे दुःख आईबापांनी प्रत्यक्ष भोगले, त्याचे चित्रण पाहण्यास त्यांची मुले असमर्थ आहेत, असे ठरविण्याचा अधिकार कोणाला असावा?

या प्रश्नाला न्यायालयीन इतिहास आहे. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेली फाळणीविषयीची ‘तमस’ ही मालिका जानेवारी 1988 मध्ये दूरदर्शनवर दाखविली जात असता, तिच्यामुळे जातीय वैमनस्य भडकेल अशी हरकत घेऊन मुंबई उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. एकल न्यायमूर्तींनी प्रक्षेपणास स्थगिती दिली, परंतु न्या. लेंटिन व न्या. सुजाता मनोहर यांच्या खंडपीठाने मालिका स्वतः पाहिली आणि ती स्थगिती उठविली. पुढे सर्वोच्च न्यायालयानेही प्रक्षेपणाच्याच बाजूने कौल दिला, आणि तो देताना जे माप हाती धरले ते नागपूरचे होते. नागपूर उच्च न्यायालयाचे न्या. विव्हियन बोस यांनी भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात असे सांगून ठेवले होते, की शब्दांचा परिणाम जोखावयाचा तो विवेकी, कणखर आणि निर्भय माणसाच्या मनावरून. दुबळ्या, दोलायमान मनावरून किंवा प्रत्येक प्रतिकूल मतात संकट पाहणाऱ्याच्या मनावरून तो जोखू नये. 1947 च्या निर्णयसंग्रहात छापलेले हे माप चार दशकांनंतर फाळणीच्याच कथेच्या रक्षणास आले, याचा नागपूरकरांना अभिमान वाटला पाहिजे.

आज वादाचा विषय बदलला आहे. नाटक आणि कादंबरी यांच्या जागी भ्रमणध्वनीवरील खेळ व समाजमाध्यमांवरील मजकूर आला आहे. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्र सरकारने 118 अॅपांवर बंदी घातली. त्यांत ‘पबजी मोबाइल’ हा खेळ होता. हुकुमाचे जाहीर कारण देशाचे सार्वभौमत्व आणि नागरिकांच्या माहितीची सुरक्षितता हे होते. घरोघरी मात्र समाधान व्यक्त झाले ते मुलांचे व्यसन सुटले म्हणून. कारण एक आणि आनंद दुसऱ्याच गोष्टीचा, अशी ही विसंगती होती, आणि तिचे फळही तसेच मिळाले. 2021 मध्ये तोच खेळ निराळ्या नावाने परत आला, जुलै 2022 मध्ये पुन्हा अदृश्य झाला, आणि मे 2023 मध्ये पुन्हा अवतरला, तेव्हा अठरा वर्षांखालील खेळाडूंस दिवसाला तीन तासांची मर्यादा घालण्यात आली होती. बंदीच्या हुकुमाने मुलांचा जो प्रश्न हाताळलाच नव्हता, त्याला काही उत्तर मिळाले ते या साध्या मर्यादेतून.

येथे प्रतिपक्षाची बाजू न्यायबुद्धीने मांडली पाहिजे. कणखर मनाचे माप प्रौढांसाठी आहे. बारा वर्षांच्या मुलाचे मन अजून घडावयाचे असते, आणि त्याला वयाचे व वेळेचे कुंपण घालणे ही मुस्कटदाबी नव्हे, ते पालकत्व आहे. तसेच पैसे लावून खेळण्याचा व्यवहार हा मुख्यतः व्यवहार आहे. 2025 च्या कायद्याने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर जी बंदी घातली तिच्या युक्तायुक्ततेविषयी मतभेद असू शकतील, पण तो वाद आणि विचार दडपण्याचा वाद यांची गल्लत करू नये. खेळातही कथा असते, चित्र असते, कल्पना असते. तिच्यावर आघात करावयाचा तर वर सांगितलेलेच माप लावले पाहिजे.

आणि माप लावावयाचे, तर मोजणी उजेडात झाली पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 69-अ हे कलम मजकूर रोखताना कारणे लेखी नोंदविण्यास सांगते. पण 2009 च्या नियमांतील सोळावा नियम तक्रारी आणि कार्यवाही यांची कडेकोट गोपनीयता राखण्यास सांगतो. ज्याला कारण कळत नाही, त्याने दाद कशाविरुद्ध मागावी? ‘तमस’च्या वेळी न्यायमूर्तींना मालिका पाहता आली, हरकत उघडपणे ऐकता आली, आणि म्हणूनच स्थगिती उठली. याउलट 2012 मध्ये पालघर येथे मुंबईतील बंदविषयी समाजमाध्यमावर व्यक्त झाल्याबद्दल दोन तरुणींना अटक झाली. कायद्यातील संदिग्ध शब्द अंमलदाराच्या हाती पडले म्हणजे काय होते, हे तेथे सर्वांनी पाहिले. ज्यात ते शब्द होते, त्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-अ कलमाला सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरविले, हे खरे. परंतु तोवर त्या तरुणींना अटक सोसावी लागली होती.

म्हणून मागणी साधी आहे. मजकूर रोखण्याचा प्रत्येक हुकूम सकारण प्रसिद्ध व्हावा. जिथे राष्ट्राच्या सुरक्षिततेसाठी काही झाकणे अपरिहार्य असेल, तिथे तेवढेच झाकावे आणि बाकीचे उघडे ठेवावे. मुलांच्या हातातील खेळाची जबाबदारी पालकांनी व शाळांनी उचलावी, आणि आपल्या घरातील शिस्तीचे काम दिल्लीच्या हुकुमावर सोपवू नये. जरीपटक्याच्या पहिल्या पिढीने सर्वस्व गमावूनही धीर सोडला नाही. तिच्या नातवंडांना दुबळ्या मनाची समजून त्यांच्यासाठी कायदे करणे, हा त्या धीराचा अपमान आहे.