थेऊरचे पान

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याला, आमच्या घरी, 'स्वामी'ची एक जीर्ण प्रत आहे. रणजित देसाईंची ही कादंबरी १९६२ साली निघाली. आमच्याकडे ती जितकी वाचली गेली, तितकेच तिच्यावरून वादही झाले.

यंदा फराळ करताना पुन्हा तेच! थेऊरचा शेवट निघाला की आत्याबाईंचे डोळे भरून येतात. सत्तावीस वर्षांचे माधवराव क्षयाने गेले, रमाबाई सती गेल्या. हा १७७२ चा इतिहास. "असं प्रेम आता कुठं!" त्या म्हणाल्या. माझी लेक उसळली, "आजी, जिवंत बाई जळतेय, आणि त्याचा सोहळा?"

दोघींचेही मला पटते, ही माझी पंचाईत. बेंटिंकच्या १८२९ च्या सतीबंदीला मी मनोमन हात जोडतो, आणि तरीही त्या पानावर माझा कंठ दाटतो. हे ढोंग म्हणायचे काय? मी म्हटले, "अगं, मी रडतो तो चितेसाठी नव्हे, त्या दोघांच्या अपुऱ्या राहिलेल्या संसारासाठी."

"पण बाबा, रमाबाईंना जगावंसं वाटलं असतं तर? ते कोणत्या पानावर आहे?"

आत्याबाई करंजीला मुरड घालता घालता थांबल्या. मी पुस्तक उघडले खरे. पान काही सापडले नाही.