श्रवणयज्ञ आणि आजचा गृहस्थ

श्रीमद्भगवद्गीतेच्या चौथ्या अध्यायात भगवंतांनी यज्ञाचे अनेक प्रकार सांगितले आहेत. द्रव्ययज्ञ, तपोयज्ञ, स्वाध्याययज्ञ ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. परंतु त्याच ठिकाणी आणखी दोन यज्ञांचा उल्लेख येतो, त्याकडे वाचकांचे लक्ष सहसा जात नाही. काही साधक श्रोत्रादी इंद्रियांचे संयमरूपी अग्नीत हवन करतात, आणि दुसरे काही शब्दादी विषयांचे इंद्रियरूपी अग्नीत हवन करतात, असे तेथे सांगितले आहे. पहिल्या यज्ञात कान आवरावयाचा आहे. दुसऱ्यात कानावर येणारा योग्य शब्द आहुतीप्रमाणे, अनासक्त बुद्धीने ग्रहण करावयाचा आहे. इंद्रियांचा निर्देश करताना भगवंतांनी श्रोत्राचे नाव प्रथम घेतले, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. डोळ्याला पापणी आहे, जिभेला ओठांचे कवाड आहे; कानाला मात्र विधात्याने झाकण दिलेले नाही. झोपेतही तो उघडाच असतो. तान्हे मूल कुरकुरले की दिवसभर राबलेली माता गाढ निद्रेतून जागी होते, ती या उघड्या दारामुळेच.

हे दार लावून घेण्याचे साधन आज घरोघरी आले आहे. कानात बसविण्याचे बिनतारी इअरबड हे त्याचे नाव. त्याच्याच जोडीला डोळ्यांवर चढविण्याचा व्हीआर हेडसेट आला असून, तो लावला की समोरचे घर दिसेनासे होते आणि यंत्राने रचलेले आभासी जग चहूबाजूंनी दिसू लागते. एका साधनाने कान घेतला, दुसऱ्याने डोळाही घेतला. अशा साधनांसह गृहस्थाने कसे राहावे, त्यांचा त्याग करावा की स्वीकार, हा आजचा प्रश्न आहे. त्याचा विचार म्हैसूर नगरीच्या आधाराने करणे सोयीचे होईल. कारण 'ऐकणे' या एका विषयाशी त्या नगरीचा संबंध निरनिराळ्या प्रकारे आलेला आहे.

१९३५ साली म्हैसूर विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी स्वतःच्या घरी एक लहानसे ध्वनिप्रक्षेपण केंद्र सुरू केले. त्या केंद्राला 'आकाशवाणी' हे नाव मिळाले, आणि पुढे स्वतंत्र भारताच्या नभोवाणीनेही तेच स्वीकारले. दूरचा शब्द क्षणार्धात घरात आणणारे ते यंत्र त्या काळी काही कमी आश्चर्याचे नव्हते. परंतु ते दिवाणखान्यात मांडलेले असे. सायंकाळी आजोबा, सुना, मुले, क्वचित शेजारीपाजारीही त्याच्याभोवती बसत. भजन लागले तर सर्वांना ऐकू येई, बातमी लागली तर तिच्यावर सर्वांची चर्चा होई; आणि मध्येच कोणी हाक मारली तर तीही ऐकू येई. यंत्र दूरचे बोलत होते, पण त्याने जवळच्यांना एकत्र बसविले होते. आज त्याच घरात चार माणसांच्या कानांत चार निराळे आवाज आहेत. एकत्र बसलेली माणसे चार ठिकाणी आहेत. शब्द आला, पण त्याच्याबरोबर येणारा सहवास गेला, हा या दोन काळांतील खरा भेद होय.

आता दुसरे उदाहरण पाहू. याच नगरीत, मानसगंगोत्री परिसरात, अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे. १९६५ साली तिचे कार्य सुरू झाले, आणि १९६६ मध्ये तिच्या मुख्य वास्तूची कोनशिला तत्कालीन राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते बसविण्यात आली. तारुण्यात ते म्हैसूर विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे अध्यापक होते, आणि १९४८ साली त्यांचे गीतेवरील भाष्य प्रसिद्ध झाले होते. ज्याने गीतेचा अर्थ लावला त्याच्याच हातून बहिऱ्यांच्या सेवेच्या मंदिराचा पाया घातला जावा, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

अशा संस्थेत काय घडते? जन्मतः ऐकू न येणारे मूल मुके राहते ते बहुधा त्याच्या वाणीत दोष असतो म्हणून नव्हे. ज्याने शब्द ऐकलाच नाही, तो शब्द उच्चारणार कसा? म्हणून जन्मल्यानंतर लवकरात लवकर बालकाची श्रवणपरीक्षा करतात, आवश्यक तर त्याच्या कानाला श्रवणयंत्र लावतात, आणि मग मातापित्यांनाही शिकवितात की, या मुलाशी सतत बोलत राहा. केवळ यंत्र लावून मूल बोलत नाही. त्याच्याशी कोणी बोलावे लागते. त्या इवल्याशा यंत्रातून आईचा आवाज पहिल्यांदा आत जातो, तेव्हा ते मूल खऱ्या अर्थाने त्या घरात जन्म घेते.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून विचार करावा. कानात बसणारे यंत्र येथेही आहे आणि तेथेही आहे. एक यंत्र घराबाहेर राहिलेल्या बालकाला घरात आणते. दुसरे घरात बसलेल्या तरुणाला घराबाहेर नेते. आता तर या दोन यंत्रांतील बाह्य भेदही पुसट होत चालला आहे. २०२४ च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, सौम्य ते मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांसाठी, एका प्रसिद्ध इअरबडमध्येच श्रवणयंत्राचे काम करणाऱ्या प्रणालीस मान्यता दिली. म्हणजे वस्तू तीच. कोणी ती ऐकण्यासाठी लावील, कोणी न ऐकण्यासाठी. यास्तव दोष वस्तूचा आहे असे म्हणता येत नाही आणि गुणही तिचा नाही. गीता प्रत्येक कर्माला जो प्रश्न विचारते तोच येथे विचारावा: हे कोणत्या बुद्धीने चालले आहे?

आपल्या घरांत या बाबतीत एक विलक्षण विपरीत गोष्ट दिसते. ज्याचे कान उत्तम आहेत तो तरुण कानातील यंत्र मोठ्या अभिमानाने मिरवितो. ज्याला खरोखरच त्याची गरज आहे त्या वृद्धाला मात्र श्रवणयंत्र लावण्याची लाज वाटते. परिणामी दोघेही ऐकत नाहीत. वृद्ध पुन्हा विचारतो, "काय म्हणालास?" आणि घरातील माणूस उत्तर देतो, "काही नाही, विशेष नाही." हे 'काही नाही' दिवसातून दहा वेळा ऐकलेला मनुष्य हळूहळू विचारणेच सोडून देतो आणि स्वतःच्या घरात परका होतो. मातापित्यांना अन्न, वस्त्र, औषध दिले, पण संभाषणातून वगळले, तर त्या सेवेत कोठे तरी मोठे न्यून राहिले असे समजावे.

देहाच्या दृष्टीनेही हा विषय उपेक्षणीय नाही. अंतःकर्णातील शंखाकृती भागात सुमारे १५,००० सूक्ष्म रोमपेशी असतात, आणि त्या एकदा नष्ट झाल्या की मनुष्याच्या देहात पुन्हा उत्पन्न होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ८० डेसिबलचा आवाज प्रौढाने आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित मानतात. तोच ९० डेसिबल झाला की मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. या हिशेबाकडे दुर्लक्ष केल्यामुळे जगातील १०० कोटींहून अधिक तरुणांच्या श्रवणशक्तीला धोका आहे, असा त्या संघटनेचा अंदाज आहे. सहाव्या अध्यायात आहार, विहार आणि निद्रा युक्त असावी असे सांगितले आहे. शब्द हाही कानाचा आहारच होय, आणि त्याच्या अतिसेवनानेही अजीर्ण होते.

येथे कोणी शंका घेईल, "मी इअरबड गाण्यासाठी लावीत नाही, बाहेरचा गोंगाट नको, मनाला शांती हवी, म्हणून लावतो." ही शंका प्रामाणिक आहे. एका खोलीत पाच माणसे राहत असताना अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने तसे केले तर त्याला बोल लावणे योग्य नव्हे. तथापि कान बंद केल्याने मिळणारी शांती आणि गीतेतील शांती एक नव्हे. म्हैसूरच्या दसऱ्याचेच पाहा. विजयादशमीच्या जंबूसवारीत सुमारे ७५० किलो वजनाची सुवर्णअंबारी गजराजाच्या पाठीवर असते आणि तोफांची सलामी होते. त्या आवाजाने हत्ती बिथरू नयेत म्हणून त्यांचे कान बांधीत नाहीत. सोहळ्यापूर्वी तोफा उडवून त्यांना त्या आवाजाची हळूहळू सवय करवितात. पाठीवर देवी आहे, तेव्हा गडगडाटातही पाऊल ढळता कामा नये, एवढेच त्यांना शिकविले जाते. दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञ असाच आहे. सर्व बाजूंनी नद्या येऊन मिळाल्या तरी समुद्र आपली मर्यादा सोडीत नाही, त्याप्रमाणे विषय आत येऊनही जो ढळत नाही त्याला शांती मिळते. कवाड लावून मिळालेली शांती कवाड उघडताच संपते.

व्हीआर हेडसेटविषयीही हाच न्याय लागू आहे. भाजलेल्या रुग्णांच्या जखमा धुताना त्यांना अशा यंत्रातून बर्फाचे जग दाखविले असता वेदनेची जाणीव कमी होते, असा अमेरिकेतील वैद्यकांचा अनुभव आहे. तसेच काही तीर्थक्षेत्रांतील दर्शन आता या साधनाद्वारे घडविले जाते. अंथरुणाला खिळलेल्या आजीला ते लाभले तर नातवाने पुण्यच जोडले. परंतु ज्याचे पाय धड आहेत त्याने चामुंडी टेकडीच्या हजाराहून अधिक पायऱ्या आणि वाटेतील एकाच पाषाणात कोरलेला प्रचंड नंदी सोडून, आरामखुर्चीत बसून यात्रा केली, तर त्याला चित्र मिळाले, यात्रा नव्हे. वाटेतला श्रम, दम खाताना दुसऱ्याला दिलेला हात, थकून थांबलेल्याची चौकशी, हे सर्व यात्रेचेच अंग आहे.

अकराव्या अध्यायात अर्जुनाला दिव्यचक्षू मिळाले. त्यांनी जे दिसले ते सत्यच होते. तरीही त्याने शेवटी भगवंतांना आपले नेहमीचे सौम्य रूप दाखविण्याची प्रार्थना केली, आणि तो पुन्हा आपल्या कर्तव्यभूमीवर परतला. दिव्यदर्शनातूनही परतावे लागते, तर आभासातून परतण्यास आळस करून कसे चालेल?

मग कसोटी कोणती? ती संजयाच्या ठिकाणी सापडते. व्यासकृपेने संजयाला दूरचे पाहण्याऐकण्याचे सामर्थ्य लाभले. आजच्या कोणत्याही यंत्राहून ते श्रेष्ठ होते. पण त्याने त्याचा उपयोग कसा केला? शेजारी बसलेल्या अंध, शोकाकुल वृद्धाला सांगण्यासाठी. दूरचे जे ऐकले ते जवळच्याच्या हाती दिले. धृतराष्ट्राचा प्रश्न त्याला कधी ऐकू आला नाही असे झाले नाही. जे साधन जवळच्या माणसाकडे नेते ते यज्ञाचे पात्र समजावे. जे त्याच्यापासून तोडते ते, कितीही सुंदर असो, बंधन समजावे.

गृहस्थांनी व्यवहारात पुढील नियम पाळून पाहावेत.

१. भोजनाच्या वेळी, देवघरात आणि वडीलधारी मंडळी बोलत असताना कान व डोळे मोकळे ठेवावेत. हा संयमाग्नी होय.

२. दिवसातून एकदा तरी चांगले गायन वा प्रवचन घरातील सर्वांनी मिळून, उघड्या आवाजात ऐकावे. हे विषयांचे हवन होय.

३. आवाज मर्यादित ठेवावा; रस्ता ओलांडताना व वाहन चालविताना इअरबड काढून ठेवावेत.

४. घरातील वृद्धाला कमी ऐकू येत असेल तर त्याची तपासणी करवावी. श्रवणयंत्र घेऊन द्यावे, आणि ते लावल्यावर त्याच्याशी रोज निवांत बोलावे. यंत्र घेऊन देणे हे अर्धे काम आहे.

मुलांना नियम सांगण्यापूर्वी मोठ्यांनी ते स्वतः पाळावेत. श्रेष्ठ जसे वागतो तसेच इतर वागतात, हा तिसऱ्या अध्यायातील सिद्धांत घराइतका दुसरीकडे कोठेही प्रत्ययाला येत नाही.

सातशे श्लोकांचा उपदेश संपत आला असता भगवंत अर्जुनाला शेवटी काय विचारतात, हे फार मननीय आहे. "समजले का?" असेही ते प्रथम विचारीत नाहीत. एकाग्र चित्ताने तू हे ऐकलेस ना, असा त्यांचा प्रश्न आहे. रणांगणावर शंखांचा आणि भेरींचा घोष झाला असताना अर्जुनाने आपल्या सारथ्याचा शब्द ऐकला, म्हणून त्याचा मोह गेला. आपल्याही घरात रोज कोणी तरी आपल्याला हाक मारीत असते. ती हाक ऐकण्यास आपला कान मोकळा असावा, एवढी सद्बुद्धी परमेश्वर सर्वांस देवो.