दूरच्या जगाचे आपण काय देणे लागतो?

चेन्नईला गेलात तर मरीना किनाऱ्यासमोरची एक गोलाकार इमारत अवश्य पाहा. आज तिचे नाव ‘विवेकानंदर इल्लम’, म्हणजे विवेकानंदांचे घर. जुने लोक मात्र तिला अजून ‘आइस हाउस’ म्हणतात. बोस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी १८४२ च्या सुमारास ती बर्फ साठवण्यासाठी उभारली. अमेरिकेतील गोठलेल्या तळ्यांतून कापलेला बर्फ लाकडाच्या भुशात बांधून, जहाजाने अर्धे जग ओलांडून मद्रासला येत असे! यंत्राने बर्फ बनू लागला, तो व्यापार बसला आणि पुढे ही वास्तू बिळिगिरी अय्यंगार या वकिलांनी विकत घेतली.

पाश्चात्त्य देशांतून परतलेले स्वामी विवेकानंद फेब्रुवारी १८९७ मध्ये याच घरी नऊ दिवस उतरले होते. व्हिक्टोरिया हॉलमध्ये त्यांचा सत्कार ठरला, तेव्हा गर्दी इतकी लोटली की स्वामीजी सभागृह सोडून बाहेर आले आणि घोडागाडीवर उभे राहूनच बोलले. लोकांना काय ऐकायचे होते, याची कल्पना आपण करू शकतो. आपला माणूस शिकागो गाजवून आला होता. त्या विजयाची कथा त्यांना हवी होती.

त्या आठवड्यात स्वामीजींनी मद्रासला जी व्याख्याने दिली, त्यांत अभिमानाचे शब्द आहेतच. अध्यात्माच्या बळावर जग जिंका, असे आवाहन त्यांनी ट्रिप्लिकेनच्या साहित्य सभेत केले. ते आपण पुनःपुन्हा उद्धृत करतो. पण त्याच व्याख्यानात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि ती आपण सोयीस्करपणे विसरतो. कोणताही प्रश्न केवळ एका वंशाच्या वा एका राष्ट्राच्या संकुचित भूमीवर यापुढे सुटणार नाही, असे ते म्हणाले. आपण जगापासून दार लावून बसलो, हे आपल्या अधोगतीचे एक कारण आहे, हेही त्यांनी स्वकीयांना तोंडावर सुनावले. टाळ्यांसाठी बोलणारा माणूस असे बोलत नाही.

आपल्या महाराष्ट्रालाही व्याख्यानांची गोडी जुनी आहे. गावोगावच्या व्याख्यानमालांत एक दिवस तरी जागतिक घडामोडींचा असतो. युद्धे, निर्वासित, तेलाच्या किमती, हवामानबदल. आपण मन लावून ऐकतो, एखादा प्रश्नही विचारतो आणि घरी येऊन जेवतो. मीही तेच करतो. पण अशा रात्री कधीकधी झोप लागत नाही. जे दुःख मला ठाऊक नव्हते, त्याची जबाबदारी माझ्यावर नव्हती. आता ते ठाऊक झाले. मग माझे देणे सुरू झाले की नाही?

याचे उत्तर शोधताना मला पुन्हा १८९७ च्या फेब्रुवारीकडे जावेसे वाटते. त्या वेळी मुंबईत प्लेग थैमान घालत होता. हाँगकाँगकडून जहाजांच्या वाटेने तो आला, असे मानले जाते. युरोपातील सरकारे हादरली होती आणि त्याच महिन्यात व्हेनिसला या साथीवर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जगाचा प्रश्न मुंबईच्या मांडवीत शिरला होता आणि मुंबईचा प्रश्न व्हेनिसच्या मेजावर पोहोचला होता.

पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, सावित्रीबाई फुले गेल्या. पुण्याजवळ डॉ. यशवंतरावांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तेथे पोहोचल्या आणि त्यातच त्यांना प्लेगने गाठले. व्हेनिसच्या चर्चेतील ‘संसर्ग’ त्यांच्या पाठीवर एका मुलाच्या रूपाने होता.

साथ कलकत्त्यात येऊ घातली तेव्हा, १८९८ मध्ये, पैसे कोठून आणायचे असा प्रश्न निघाला. गरज पडली तर मठासाठी नुकतीच घेतलेली जमीन विकू, असे स्वामीजी म्हणाले. दुसऱ्या वर्षी मूळच्या आयर्लंडच्या भगिनी निवेदिता हातात झाडू घेऊन बागबाजारच्या गल्लीत उतरल्या. मद्रासच्या एका भाषणात स्वामीजींनी सुधारकांना तीन गोष्टी विचारल्या होत्या: तुमचे हृदय कळवळते का, काही उपाय तुम्ही शोधला आहे का, आणि डोंगराएवढे अडथळे आले तरी टिकाल का? व्याख्यान ऐकून आपण फार तर पहिल्या प्रश्नापर्यंत पोहोचतो.

येथे आपण हरकत घ्याल, आणि ती योग्य आहे. गल्ली झाडून जगाचे सगळे प्रश्न सुटतात काय? नाही सुटत. प्लेगला झाडू हवा होता, तशी लसही हवी होती. आणि ती मुंबईत तयार केली ओडेसात जन्मलेल्या वाल्देमार हाफकिन यांनी, जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःलाच टोचून घेऊन. सेवेचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जरा अवघड जाते. जवळच्याची सेवा केली की दूरच्याचा विचार करण्यातून सुटका झाली, असे आपण धरून चालतो.

आइस हाउससमोरच्या वाळूने याचा दाखला दिला आहे. २६ डिसेंबर २००४ च्या पहाटे सुमात्राजवळ समुद्राचा तळ हादरला. मरीनावर लाटा आल्या त्या सुमारे अडीच तासांनी. अडीच तास! किनारा रिकामा करायला एवढा वेळ थोडा नाही. पण इकडे कोणाला काही कळलेच नाही, कारण हिंदी महासागरात सूचना देणारी यंत्रणाच नव्हती. सकाळी फिरायला आलेली माणसे, मासेमारांची वस्ती, सगळे बेसावध होते. येथे कोणा एकाची दयाबुद्धी कमी पडली नव्हती. देशादेशांनी मिळून जे करायचे, ते केलेले नव्हते.

२००७ पासून हैदराबादला सुनामीची पूर्वसूचना देणारे केंद्र चालू आहे. समुद्राखाली मोठा भूकंप झाला की तेथून सूचना निघते. ती चेन्नईला जाते, तशीच हिंदी महासागराच्या काठावरील इतर देशांनाही जाते.