वारशातील काडतुसे

माणूस मागे काय ठेवून जातो? घर, जमीन, देणी आणि आठवणी, असे उत्तर आपण सहज देतो. परंतु वारशात अशाही वस्तू येतात की ज्या जपणे सोपे आणि ज्यांची जबाबदारी घेणे कठीण असते. जुन्या बंदुकीची काडतुसे ही त्यांपैकीच एक होय.

आपल्या सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणासाठी बंदुकीचा परवाना काढण्याची रीत जुनी आहे. रानडुकरांपासून भात आणि वानरांपासून नारळ राखायचे, तर बार काढावा लागे. परवानाधारक वारल्यावर बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते. काडतुसांचा डबा मात्र एखाद्या वेळी पेटीच्या तळाशी राहून जातो. एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी असलेल्या देवबागेत खारी हवा कशालाच सोडत नाही. पितळी बुडावर हिरवा गंज चढतो, कागदी नळी फुगते, छऱ्यांचा क्रमांक पुसट होतो. मग एके दिवशी नातवंडे आवराआवर करू लागतात आणि डबा उघडला जातो.

पहिला मोह होतो तो चांगली काडतुसे एकीकडे व खराब दुसरीकडे अशी निवड करण्याचा. ही निवड फसवी आहे. गंजलेले काडतूस मेलेले असतेच असे नाही. त्याच्या बुडातील टोपी अजून जिवंत असू शकते. म्हणून ते ठोकू नये, कापू नये, उन्हात वाळवू नये, चुलीत तर मुळीच घालू नये. खरी निवड वेगळीच आहे. आजोबांची आठवण आपली आहे. डब्यातील दारू मात्र आठवण नव्हे.

दुसरा मोह, डबा रात्री खाडीत सोडून देण्याचा. परंतु टाकणे म्हणजे जबाबदारीतून सुटणे नव्हे. आज टाकलेले उद्या कोणाच्या जाळ्यात येईल, रापणीबरोबर किनाऱ्यावर येऊन कोणत्या मुलाच्या हाती लागेल, हे कोण सांगणार? आपण धोका नाहीसा केलेला नसतो. त्याचा धनी तेवढा बदललेला असतो. बंदूक बाळगणाऱ्या मित्राला ती गुपचूप देणे हाही त्यातलाच प्रकार.

निर्गमाच्या पुस्तकातील एकविसाव्या अध्यायात एक साधा नियम आहे. खड्डा उघडा ठेवला आणि त्यात दुसऱ्याचा बैल पडला, तर खड्ड्याच्या धन्याने भरपाई करावी. बैल पडावा अशी त्याची इच्छा होती का, हे तेथे विचारलेले नाही. संत थॉमस अक्वायनस आणखी पुढे जातात. जे दूर करणे आपले कर्तव्य होते ते दूर केले नाही आणि त्यातून कोणाचा जीव गेला, तर तो निव्वळ अपघात ठरत नाही, असे ते सांगतात. आपण मिस्सेच्या आरंभी केलेल्या पापांबरोबरच न केलेल्या कर्तव्यांचीही क्षमा मागतो, ती याचसाठी.

कायद्याची वाटही याच दिशेने जाते. १९५९च्या शस्त्र अधिनियमाच्या २१व्या कलमानुसार, बाळगण्याचा अधिकार कोणत्याही कारणाने संपलेला दारूगोळा विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचा असतो. पण शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्यात इतकी मुरली आहे की ठाण्याची पायरीही तीत आपोआप येते. ‘इतकी वर्षे कुठे होता?’ या प्रश्नाची भीती खोटी नाही. तथापि ही भीती दरवर्षी वाढतच जाते, आणि शेवटी ती काडतुसांसह पुढच्या पिढीच्या माथी बसते.

तेव्हा डबा मुलांपासून आणि विस्तवापासून दूर ठेवावा, जुना परवाना शोधावा, प्रथम ठाण्यात कळवावे आणि ते सांगतील तसे करावे. एखाद्या विधवा भगिनीच्या घरी असा डबा निघाला, तर तिच्याबरोबर ठाण्यापर्यंत जाणे हे शेजाऱ्यांचे प्रीतिकार्य आहे. मृतांसाठी आपण प्रार्थना करतो. त्यांचे अपुरे राहिलेले काम पुरे करणे हाही त्या प्रार्थनेचाच भाग समजावा.