घर सांधायचं की बाई सावरायची?

बीजिंगमधल्या एका समुपदेशन केंद्रातल्या दोन समुपदेशक, एक जुनीजाणती, एक नवखी. दोघी कल्पित आहेत. पेच मात्र खरा.

नुकतीच येऊन गेलेली बाई नवऱ्याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती. झोप नाही, डोकं ठणकतं, छातीवर दडपण येतं, एवढंच. मनाचं दुखणं असं शरीराच्या तक्रारींतून मांडलं जातं, हे मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९८०च्या दशकात हुनानमधल्या रुग्णांबद्दल लिहून ठेवलंय. जायला उठली तेव्हा मात्र ती पुटपुटली, "दोनदा हात उचललाय त्यानं. पण जूनमध्ये मुलाची गाओकाओ आहे." विद्यापीठ प्रवेशाची ही परीक्षा म्हणजे अख्ख्या घराचा घोर.

"लाओशी, वेगळं व्हायचंय का, असं मी तिला सरळ विचारणार होते," नवखी म्हणाली. लाओशी म्हणजे गुरू, शिक्षक.

"मग ती पुन्हा फिरकली नसती. घरातलं उणं बाहेर काढू नये, हे तिच्या अंगात मुरलंय. डोकेदुखीपासूनच सुरुवात कर."

"म्हणजे सासूसारखं आपणही 'सांभाळून घे' म्हणायचं? कोर्टही तेच म्हणतं!"

तिचा संताप रास्तच आहे. समाजशास्त्रज्ञ ईथन मायकेलसन यांनी २०२२च्या पुस्तकात हेनान आणि चच्यांग प्रांतांतले निकाल तपासले. मारहाणीचा आरोप असला तरी घटस्फोटाचा पहिला दावा बहुतेकदा फेटाळलाच जातो, असं त्यांना आढळलं. संमतीनं नोंदणी कार्यालयात जाणाऱ्या जोडप्यांनाही २०२१पासून तीस दिवस थांबावं लागतं.

"पण चिनी रीत म्हणजे फक्त सासूचं 'सांभाळून घे' का?" थोरलीनं विचारलं. "२०१६चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदाही चिनीच. संरक्षण आदेशाच्या अर्जावर कोर्टाला ७२ तासांत, तातडी असेल तर २४ तासांत निर्णय द्यावा लागतो. वांग शिंगज्युआन यांनी १९९२मध्ये इथंच बायकांसाठी हेल्पलाइन सुरू केली, तीही चिनीच."

"आणि मुलासाठी राहायचंच ठरवलं तिनं, तर?"

"तर त्या घरात ती सुरक्षित कशी राहील ते बघायचं. ओळखपत्र कुठं ठेवायचं, रात्री-अपरात्री कुठल्या बहिणीचं दार वाजवता येईल, पोलिसांकडून नवऱ्याला लेखी ताकीद कशी मिळेल."

"जूनच्या आधी त्यानं तिसऱ्यांदा मारलं तर?"

"तर परीक्षेसाठी थांबू नकोस, असं मी तिला स्पष्ट सांगेन."

"हा तिचा निर्णय आपणच घेतल्यासारखं नाही का?"

"थोडंफार आहे. पण जिवाला धोका असताना तटस्थ राहणं मला पटत नाही. आणि पुढच्या वेळी नवऱ्यालाही बोलवा म्हणाली, तरी बोलवायचं नाही. आधी तिला एकटीलाच भेटू. त्याच्यासमोर ती पुन्हा डोकेदुखीच सांगेल."