मेंदूची इजा आणि कर्तेपणाचा प्रश्न
मेंदूच्या आघातजन्य इजा स्थूलमानाने दोन प्रकारच्या असतात: कवटी न भेदता मेंदू आतल्या आत हादरतो ती बंद इजा, आणि बाहेरची वस्तू कवटी फोडून आत शिरते ती भेदक इजा. दुसऱ्या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील व्हरमाँटचे आहे. १३ सप्टेंबर १८४८ रोजी रेल्वेमार्गासाठी खडकात सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि सुमारे सहा किलो वजनाची, मीटरभराहून लांब पहार फिनिअस गेज या मुकादमाच्या डाव्या गालातून शिरून माथ्यातून बाहेर पडली. डाव्या डोळ्याची दृष्टी गेली, तरी तो वाचला; मात्र समंजस असलेला हा माणूस चंचल, हट्टी व शिवराळ झाल्याचे त्याचे डॉक्टर जॉन हार्लो यांनी १८६८ मध्ये नोंदवले. पुढे त्याने चिलीत काही वर्षे घोडागाडी हाकली, तेव्हा हा पालट कायमचा मानणे घाईचे ठरेल.

तरीही त्या शिवीचा कर्ता कोण, हा प्रश्न उरतोच. सांख्य दर्शन बुद्धी, अहंकार आणि मन यांना, म्हणजेच अंतःकरणाला, जड प्रकृतीचा परिणाम मानते. त्यामुळे बुद्धी बिघडली तरी पुरुष, म्हणजे निव्वळ साक्षी चैतन्य, अलिप्तच राहतो, असे उत्तर त्याला सहज देता येते. परंतु या उत्तराची किंमत फार मोठी आहे, कारण स्वभाव, स्मृती आणि जिव्हाळा हे सारे प्रकृतीचेच असेल, तर आप्तांनी ज्याच्यावर प्रेम केले तो हा साक्षी नव्हेच, आणि त्यांचे दुःख त्याच्या अलिप्ततेने तसूभरही हलके होत नाही.